चोवीस मीटर, पंधरा सेकंद: नाशिकमधल्या एका चौकाच्या प्रकल्प नोंदी

4 ऑगस्ट 2025, सोमवार

डिप्लोमाच्या पाचव्या सत्राच्या सहा विद्यार्थ्यांचा गट माझ्याकडे आला. विषय ठरला: शहरातला एक चौक निवडायचा, तो का धोक्याचा आहे ते मोजून दाखवायचं आणि कमी खर्चाचा आराखडा द्यायचा.

मुलांनी पहिलं नाव घेतलं मिरची हॉटेल चौकाचं. साहजिकच आहे. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस औरंगाबाद रोडवर त्या चौकात अवजड ट्रकला धडकली, पेटली आणि 12 जण गेले. ही मुलं तेव्हा दहावीत होती. त्या दिवशी घराघरांत दुसरं काही बोललं जात नव्हतं.

तरीही मी तो चौक घेऊ दिला नाही. बारा माणसं गेल्यावर सगळ्यांचंच लक्ष जातं. मला असा चौक हवा होता, जिथे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. राष्ट्रीय महामार्गावरच्या 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या मुलांना फळ्यावर लिहून दिली: साधारण 500 मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर तीन वर्षांत 10 मृत्यू. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग चारच अपघात झाले तर?" मी म्हटलं, वहीच्या पहिल्या पानावर हाच प्रश्न लिही.

चौक निवडला. चार रस्ते, सिग्नल चालू. एका बाजूने महामार्गाकडून येणारी वाहनं, दुसऱ्या बाजूला भाजीबाजार, कोपऱ्यापासून हाकेच्या अंतरावर शाळा आणि सिटीबसचा थांबा. नाव या वहीत लिहीत नाही. इथे रोज उभं राहून पोट भरणाऱ्यांना आमच्या कामाचा त्रास नको.

6 ऑगस्ट, बुधवार

पहाटे साडेपाचला टेप घेऊन उतरलो. रिफ्लेक्टर जॅकेट सगळ्यांना सक्तीचं. दोघं फक्त वाहनांकडे बघायला, हातात लाल झेंडी.

बाजाराच्या बाजूचा रस्ता झेब्रा पट्ट्यावर मोजला: 24 मीटर. मुलांना वाटलं टेप चुकली. परत मोजला, तेवढाच. मग त्याच रस्त्याने 12 मीटर आत जाऊन मोजला तर 15 मीटर. म्हणजे रस्ता मुळात 15 मीटरचाच. कोपरे इतके गोल कापले आहेत की तोंडाशी तो पसरट होतो, आणि पायी माणसाने ओलांडायची जागा नेमकी सगळ्यात रुंद ठिकाणी आखलेली.

कोपऱ्याची त्रिज्या दोरीने काढली. पाठ्यपुस्तकातली रीत प्रत्यक्षात करताना मुलांना फार आनंद झाला: 10 मीटरची दोरी कडेच्या दोन बिंदूंत ताणायची आणि दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं. ते 62 सेंटीमीटर भरलं. हिशेब केला तर त्रिज्या जवळपास साडेवीस मीटर. एवढ्या गोलाईवर वाहनाला डावीकडे वळताना वेग कमी करायची गरजच पडत नाही. 'फ्री लेफ्ट'चा, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मुभा देणारा फलक इथे कुठेही नाही, पण कोपऱ्याचा आकारच वाहनाला 'जा' म्हणतो.

पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा दिवा: 15 सेकंद. तीनदा घड्याळ लावलं.

आता साधा भागाकार. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे देशातल्या रस्त्यांची मापं ठरवून देणारी संस्था. तिच्या मार्गदर्शिकेत पायी माणसाचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात. 24 भागिले 1.2, म्हणजे 20 सेकंद. दिवा 15 सेकंदांचा. धडधाकट माणूससुद्धा दिवा बदलतो तेव्हा अजून 6 मीटर आत, ऐन रस्त्यात असतो. मुलं गप्प झाली. आजवर आम्ही सगळेच म्हणत आलो की लोक सिग्नल पाळत नाहीत.

7 ऑगस्ट, गुरुवार

पाऊस. खडूच्या खुणा गेल्या. काम नाही.

11 ऑगस्ट, सोमवार

तिसरा श्रावणी सोमवार, त्र्यंबकला जाणाऱ्यांची गर्दी. आजचे आकडे नेहमीच्या दिवसाचे म्हणून वापरायचे नाहीत, असं वहीत लाल शाईने लिहिलं. पण नुसतं बघायला आजच्यासारखा दिवस नाही.

आज 'थोडक्यात वाचले' हा तक्ता सुरू केला. अपघात मोजायला बसलो तर सत्र संपेल, हाती दोन-तीन घटना लागतील. म्हणून ठरवलं की कुणाला अचानक ब्रेक मारावा लागला, कुणी मागे उडी घेतली, कुणी पळत सुटलं, किंवा गाडी वाकडी घेऊन निसटावं लागलं, तर एक रेघ. कोणत्या कोपऱ्यावर आणि कुणा-कुणात, ते शेजारी. दोघांनी स्वतंत्र नोंद करायची आणि नंतर ताडून बघायची. एकट्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. शाळा भरायच्या वेळी बाजाराच्या कोपऱ्याचा रकाना अर्ध्या तासात भरला, मुलांना कागद उलटा करून लिहावं लागलं.

कोथिंबीर-मेथी विकणाऱ्या मावशींशी बोलले. बावीस वर्षं त्याच कोपऱ्यावर बसतात. त्यांना विचारलं, सगळ्यात जास्त भीती कधी वाटते? मला वाटलं संध्याकाळ म्हणतील. त्या म्हणाल्या, "बाई, दिवा आपला असतो ना, तवाच. लाल असला की मानूस सावध ऱ्हातो. हिरवा झाला की पोरं बिनघोर निघत्यात अन् डावीकडून टेम्पो येतो."

आमच्या तक्त्यात नेमकं हेच उतरलं होतं. सर्वात जास्त रेघा पायी माणसाच्या हिरव्या दिव्यात, डावीकडे वळणाऱ्या वाहनांसमोर. मावशींना ते कधीपासून माहीत आहे. त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी माल संपल्यावर त्या पलीकडे निघाल्या, डोक्यावर रिकामी पाटी. मुलीने घड्याळ लावलं. 31 सेकंद. दिव्याच्या दुपटीहून एक सेकंद जास्त.

19 ऑगस्ट, मंगळवार

वेग मोजला. रडारगन कुणाकडून मिळाली नाही, तिची गरजही नव्हती. रस्त्याकडेला 25 मीटर अंतरावर दोन खुणा, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर फोन स्टँडला लावून चित्रीकरण (इमारतीच्या सचिवांची लेखी परवानगी घेतली, फाइलला लावली आहे). 25 मीटर 3 सेकंदांत म्हणजे ताशी 30 किलोमीटर. 1.8 सेकंदांत म्हणजे 50. व्हिडिओ हळू करून मोजलं की चूक फार राहत नाही. नंबरप्लेट दिसणारे तुकडे काम होताच पुसून टाकायचे ठरलं.

सकाळच्या गर्दीत वेग बेताचा. दुपारी दोन ते चार, रस्ता मोकळा असताना, महामार्गाकडून येणाऱ्या कित्येक दुचाकी आणि टेम्पो 50 च्या आसपास. मुलांचा समज उलटा होता, गर्दी म्हणजे धोका. गर्दीत खरचटतं. मोकळ्या रस्त्यावर जीव जातो.

मग 'किती लांबून दिसतं' ते पाहिलं. एक मुलगा रस्त्याकडेला झेब्र्याच्या टोकाशी उभा राहिला, दुसरी गाडीचालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघत मागे मागे गेली. कोपऱ्यावर रिक्षा लागलेल्या, त्यामागे रसाची गाडी, वर वाढदिवसाचा फ्लेक्स. उभा मुलगा दिसायला लागला तो 22 मीटरवर आल्यावर. शाळेतलं पोर त्याहून बुटकं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या तक्त्याप्रमाणे ताशी 50 किलोमीटरला थांबायला 60 मीटर लागतात, 40 ला 45 मीटर, 30 ला 30 मीटर, 20 ला 20 मीटर. म्हणजे या कोपऱ्यावर जेमतेम 20 चा वेग चालेल, आणि वाहनं येतात 50 ने. जागतिक आरोग्य संघटनेचं एक वाक्य मुलांनी अहवालात घेतलं आहे: सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका 4 टक्क्यांनी वाढतो.

23 ऑगस्ट, शनिवार

काल पोळा होता. आज रात्री साडेनऊ ते अकरा चौकात.

रस्त्याचे दोन दिवे बंद, नेमके झेब्र्यावरचे. कांद्याच्या गोण्या भरलेले ट्रॅक्टर बाजाराकडे वळतात. ट्रॉलीच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. एका ट्रॅक्टरवाल्या दादांना चहा पाजून विचारलं. ते म्हणाले, दिवा लावला तर वायर शेतात तुटते, म्हणून काढून ठेवतो. लाल-पिवळी चकाकणारी पट्टी तुटत नाही आणि तिला वायर लागत नाही. मुलांनी जवळचा रोल काढून तिथेच त्यांच्या ट्रॉलीला मागून पट्ट्या लावल्या. आराखड्याचा हा भाग नाही, पण हंगामभर हे ट्रॅक्टर इथूनच जाणार आहेत.

1 सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी पावणेसातला दूध घालणारे एक काका सायकलवरून सरळ जात होते. डावीकडे वळणाऱ्या टेम्पोने त्यांना कोपऱ्यावरच दाबलं. आमचे दोघं मोजणीला उभे होते. पायाचं हाड मोडलं आहे, डोक्याला मार नाही.

काय झालं ते नीट लिहून ठेवते. टेम्पोवाला फार वेगात नव्हता, प्यायलेला नव्हता, पळूनही गेला नाही. त्याला काका दिसले नाहीत. सायकल आणि टेम्पो दोघं एकाच दिशेने येत होते. गोल कोपऱ्यावर टेम्पो न थांबता डावीकडे सरकला आणि सायकल आतल्या बाजूला अडकली.

माझ्या विद्यार्थ्याने 108 ला फोन केला. भोवती वीसेक माणसं जमली, पण हात लावायला कुणी पुढे येईना. एक जण म्हणाला, नंतर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आहे: अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही. हे त्या वीस जणांना माहीत असतं तर काका बारा मिनिटं दुधाच्या ओघळात पडून राहिले नसते. उद्यापासून चौकातल्या प्रत्येक टपरीवर हा मजकूर मोठ्या अक्षरात लावायचा.

मुलगा दुपारी प्रयोगशाळेत येऊन बसला आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, त्याच कोपऱ्यावर आपण एवढ्या रेघा मारल्या होत्या." मी त्याच्या शेजारी बसून राहिले. हा कोपरा असाच आहे हे आम्हाला तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं. अहवाल ऑक्टोबरमध्ये द्यायचा, असं वेळापत्रकात लिहिलेलं. आज वेळापत्रक बदललं. पूर्ण अहवालाची वाट न बघता दोन पानी पत्र या आठवड्यातच जाईल.

9 सप्टेंबर, मंगळवार

पत्र दिलं. कोपरा ज्यांच्या ताब्यात आहे असं आम्हाला वाटत होतं, त्या कार्यालयात सांगितलं की सिग्नल त्यांचा नाही. सिग्नलवाल्यांनी सांगितलं की रस्त्यावरच्या पट्ट्यांचा रंग त्यांचा नाही. तिसऱ्या ठिकाणी एका कनिष्ठ अभियंत्यांनी मात्र पत्र पूर्ण वाचलं, खुर्ची ओढून दिली आणि विचारलं, "त्रिज्या कशी काढलीत?" दोरीची रीत सांगितल्यावर ते हसले, म्हणाले, आम्हीही डिप्लोमाला हेच केलं होतं. नकाशा आणून द्या म्हणाले.

अपघातांच्या नोंदींबद्दल मुलांना एक गोष्ट उमगली. पोलीस आता जागेवरूनच अपघाताची माहिती 'ई-डार' प्रणालीत भरतात: ठिकाण, वाहन, रस्त्याची अवस्था. आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभी केलेली ही व्यवस्था उपयोगाची आहे. पण जे पोलिसांपर्यंत पोचतच नाही, ते तिच्यात कुठून येणार? घसरून पडलेली दुचाकी, आपसांत मिटवलेली धडक, उडी मारून वाचलेलं पोर. म्हणून आमचा रेघांचा तक्ता लागतो.

केंद्र सरकारच्या अहवालात 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यात 32,825 पायी चालणारी. एवढ्या माणसांचं अख्खं गाव असतं.

15 सप्टेंबर, सोमवार

आराखडा. दिवसभर वाद, चांगला वाद.

आधी फळ्यावर चार रस्त्यांच्या चौकातले वाहनांचे संघर्षबिंदू मोजले, म्हणजे वाहनांच्या वाटा एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा फुटतात त्या जागा. 32. त्याच जागी वर्तुळाकार बेट धरलं तर 8. दोघं लगेच म्हणाले, मग बेटच करू. पण या मोजणीत पायी माणूस धरलेलाच नाही, आणि अखंड वाहत्या बेटाभोवती मावशी पाटी घेऊन कधी शिरणार? शिवाय जागा नाही. बेट बाद.

दुसरी मागणी गतिरोधकाची. चौकातला प्रत्येक माणूस तीच करतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो. 17 मीटर त्रिज्येचा हलका उंचवटा, त्यावरून 25 च्या वेगाने सहज जाता येतं. शहरभर आपण ओलांडतो ते एक हात रुंदीचे उंचवटे या मापात बसत नाहीत. त्यांच्यावर कंबर मोडते, मागे बसलेली बाई पडते, पावसाळ्यात रंग गेला की ते दिसतही नाहीत. महामार्गाच्या बाजूला मापाचा एक, आधी सूचनाफलक आणि पांढरे पट्टे, असं ठरलं. दुसरा नको.

मुख्य काम कोपऱ्यांचं. साडेवीसची त्रिज्या 7 मीटरवर आणायची. लगेच प्रश्न, सिटीबस कशी वळणार? मुलांनी बसचं वळण कागदावर कापून नकाशावर फिरवून पाहिलं. मागचं चाक आत येतं तेवढा पट्टा खडबडीत दगडांचा, किंचित उचललेला करायचा. बस त्यावरून जाईल, दुचाकी जाणार नाही. झेब्रा आत सरकवायचा, जिथे रस्ता 15 मीटरचा आहे. मधे पायी माणसाला उभं राहायला 2 मीटरचा थांबा. म्हणजे एका दमात फक्त साडेसहा मीटर. मावशींच्या चालीने साडेआठ सेकंद.

बसथांबा चौकाच्या अलीकडे आहे. उतरलेली माणसं बसच्या पुढून रस्त्यात येतात आणि बसमुळे कुणालाच दिसत नाहीत. तो चौकाच्या पलीकडे न्यायचा, म्हणजे लोक बसच्या मागून चालतील. दुभाजकाला लोकांनी पाडलेली फट बुजवा, असं एकाने लिहिलं होतं. ती फट सध्याच्या थांब्यासमोर आहे. थांबा हलल्याशिवाय फट बुजवली तर आज्या दुभाजकावर चढतील. क्रम महत्त्वाचा: आधी थांबा, मग फट.

21 सप्टेंबर, रविवार

प्रात्यक्षिक. वाहतूक शाखेची परवानगी आणि एक हवालदार काका पहाटेपासून सोबत. चुना, प्लास्टिकचे शंकू, वाळूच्या चाळीस गोण्या. उद्या घटस्थापना, त्यामुळे बाजार भरलेला. हाच खरा कस.

रिक्षावाल्यांशी बोलणी कालच झाली होती. कोपऱ्यापासून 20 मीटर पुढे थांबा, जागा पिवळ्या रंगाने आखून देऊ. त्यांचे पुढारी, सगळे नाना म्हणतात ते, आधी तयार नव्हते. गिऱ्हाईक कोपऱ्यावरच येतं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. मग नव्या झेब्र्याचं टोक त्यांच्या रांगेसमोर आणून दिलं. रस्ता ओलांडला की समोर रिक्षा. नानांनी स्वतः दोन गोण्या उचलल्या.

पहिला तास गोंधळ. एका कारवाल्याने शंकू उडवला. नऊनंतर वाहनं कोपऱ्याशी येऊन हळू होऊ लागली, कुणी शिट्टी न मारता. गच्चीवरच्या फोनमध्ये वळणारी दुचाकी 15 ते 20 च्या आत. रेघांचा रकाना उलटवावा लागला नाही. एकच दिवस, तोही रविवार. हा शेवटचा निष्कर्ष म्हणून लिहायचा नाही, हे गटाला बजावलं.

दुपारी मावशी आल्या. मधल्या थांब्यावर गोण्यांच्या आडोशाला उभ्या राहिल्या, पाटी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, दोन्हीकडे बघितलं आणि मग पुढे निघाल्या. रस्त्याच्या मध्यावर पाटी खाली ठेवणारी बाई मी या चौकात पहिल्यांदा पाहिली.

26 सप्टेंबर, शुक्रवार

नकाशा, व्हिडिओ आणि तक्ते कनिष्ठ अभियंत्यांना दिले. त्यांनी दोन चुका दाखवल्या: पावसाळी गटाराची जाळी आमच्या वाढवलेल्या कोपऱ्याखाली जाते, आणि 2 मीटरच्या थांब्यावर व्हीलचेअरसाठी उतार दाखवलेला नाही. दोन्ही बरोबर. दुरुस्ती सुरू. सिंहस्थाच्या कामांत शहरभर रस्ते उकरले जाणार आहेत, त्यात हा चौक बसला तर खर्च वेगळा पडणार नाही, असं ते म्हणाले.

8 ऑक्टोबर, बुधवार

मिरची चौकाच्या अपघाताला तीन वर्षं. पहाटे पाचला गट स्वतःहून तिथे जाऊन आला. मला नंतर कळलं.

आमच्या चौकात पायी माणसांचा दिवा 15 चा 25 सेकंद झाला. त्याला फक्त यंत्रातली वेळ बदलायची होती. झेब्र्यावरच्या दोन दिव्यांपैकी एक लागला. कोपऱ्यांची फाइल पुढच्या टेबलावर आहे.

दूधवाले काका काठी घेऊन टपरीपर्यंत आले होते. सायकल दुरुस्त झाली आहे, पण मुलगा चालवू देत नाही म्हणाले.

उद्याचं काम: गटाराच्या जाळीची पातळी घेणे. व्हीलचेअरचा उतार नकाशात. शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटणे, सकाळच्या रांगेत मोठी मुलं बाहेरच्या बाजूला चालतील का ते विचारणे. दुसरा दिवा.